माणूस फोनवर येतोय, ठेवू नका

माझ्या आईला कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती सांगायची, "मी फोनजवळ असते." लोकांना वाटायचं बाई विनोद करतेय. ती अजिबात विनोद करत नसे. बाबांचा लिफ्ट दुरुस्तीचा धंदा, आणि त्या धंद्याचं ऑफिस म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या घरातला बोळ. बोळात एक फळी, फळीवर फोन, आणि फोनपुढे पाठ नसलेलं एक उंच स्टूल. गावभरच्या लिफ्टमध्ये बटणांच्या वर बाबांनी स्वतःच्या हाताने स्टिकर चिकटवलेत: 'लिफ्ट बंद पडल्यास', आणि खाली आमच्या घरचा नंबर. म्हणजे लिफ्ट कुठलीही अडकली, की घंटा आमच्या बोळात वाजणार.

बाबा हत्यारांची पिशवी घेऊन निघायचे, सोबत त्यांचा मेकॅनिक लांब्या. ते पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाला आई सांभाळायची. तिचा नियम एकच होता. अडकलेल्या माणसाचा फोन आपण ठेवायचा नाही. लिफ्टचं दार उघडलं, माणसाने बाहेर पाय टाकला, की मगच ठेवायचा. मग गॅसवर दूध उतू जावो, नाहीतर मी गुडघा फोडून दारात उभी असो.

तिची बोलायची पद्धतही ठरलेली होती. पहिलं वाक्य, "घाबरू नका, लिफ्ट पडत नाही." दुसरं, "भिंतीला पाठ टेका आणि खाली बसा. कपडे मळले तर धुता येतात." आणि तिसरं, "पिशवीत काय आहे?" बहुतेकांच्या हातात पिशवी असतेच. कोणी भाजी सांगायचं, कोणी औषधं. एकाने शिवायला टाकलेली पँट सांगितली, तर आईने कापड कुठलं, शिलाई कशी पडली, सगळं विचारून घेतलं. पिशवीतलं सांगता सांगता माणसाचा श्वास जागेवर येतो, असं तिचं म्हणणं. मी बोळात दप्तर घेऊन उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, आई, माझ्याही पिशवीत बरंच काही आहे, विचार की एकदा.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. हा राग मी त्या फोनवर काढत आले. शाळेच्या नाटकात मी वकील झाले, टेबलावर मूठ आपटून टाळ्या घेतल्या. आई नव्हती. पोहण्याच्या शर्यतीत शेवटून पहिली आले, तेव्हाही नव्हती, ते एक बरंच झालं. मला नोकरी लागली त्या दिवशी ऑफिसच्या दारापर्यंत बाबा आले होते. आईचं उत्तर एकच, "फोन कोण घेणार ग?" या प्रश्नाला आमच्या घरात कधी कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर स्टुलावर बसलेलं असायचं.

मग मी स्वतःचं घर घेतलं. नवव्या मजल्यावर, दोन खोल्या, खिडकीतून अर्धं गाव दिसतं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची देखभालही बाबांकडेच. त्यामुळे बाबा महिन्याला एकदा यायचे, तेलकट हातांनी दार ढकलायचे, चहा प्यायचे, आणि माझ्या घराचं काय वाटतं हे न सांगता लिफ्टचं कौतुक सांगून जायचे. आई दोन वर्षांत एकदाही आली नाही. पडदे कुठले लावलेस, ओटा केवढा आहे, सगळं फोनवर विचारायची. ये की, म्हटलं की तेच. फोन कोण घेणार?

शेवटी मी कंबर कसली. आमच्या ऑफिसात एकाने त्याच्या भावाच्या दुकानासाठी धंद्याच्या फोनचं एक अ‍ॅप घेतलं होतं. नंबर जुनाच ठेवायचा, पण त्यावर आलेला फोन मोबाइलवर वाजतो. एकाने नाही उचलला तर यादीतल्या दुसऱ्याकडे जातो, तिथूनही सुटला तर तिसऱ्याकडे. मी म्हटलं, आता बघते कोण फोन घेत नाही ते! एका रविवारी आईच्या मोबाइलमध्ये ते अ‍ॅप टाकलं, बोळातल्या नंबरावरचे फोन तिकडे वळवले आणि तिच्या हातात दिलं.

बाबा लांबूनच बघत होते. "तारेचा फोन तो तारेचा फोन," म्हणाले. "हा हवेतला. हवेचा काय भरवसा?"

"तुमच्या लिफ्ट काय जमिनीवर चालतात?" आई म्हणाली. बाबांनी पाना उचलला आणि बाहेर गेले.

मला वाटलं होतं, आईला एकेक बटण दाखवावं लागेल, ती चष्मा वरखाली करेल, आणि मला शहाणपण मिरवता येईल. कसलं काय! चहा निवायच्या आत तिने आख्खं अ‍ॅप पालथं घातलं. आधी तिने स्वतःच्याच नंबरावर फोन लावून पाहिला. पलीकडून एक गोड बाई म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि बासरी सुरू झाली.

"महत्त्वाचा आहे तर उचल की बाई!" आई म्हणाली. "माणूस अंधारात अडकलाय आणि ही बासरी ऐकवतेय. काढ ते."

मग अ‍ॅपने विचारलं, पर्याय हवेत का. दुरुस्तीसाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन. आईने मान हलवली. "घाबरलेला माणूस एक दाबत नाही. तो सगळीच बटणं दाबतो." ते पण काढलं. गोड बाईच्या जागी स्वतःचा आवाज भरायचं तिने ठरवलं, आणि तिथे मात्र घोडं अडलं. मी सुचवलं, म्हण, घाबरू नका, मी फोनवर आहे.

"पण मी कुठे आहे? ते तर मशीन असणार."

"अगं, एवढं कोण बघतं!"

"अडकलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही," आई म्हणाली. त्यावर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. बोळाचं दार लावून, पंखा बंद करून, घसा खाकरून तिने पुन्हापुन्हा आवाज भरला आणि शेवटी हे पसंत केलं: "घाबरू नका. लिफ्ट पडत नाही. माणूस फोनवर येतोय, ठेवू नका."

एका ठिकाणी मात्र ती थांबली. अ‍ॅप विचारत होतं, तुमच्या कामाची वेळ काय? कधीपासून कधीपर्यंत? आई बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिली. "असं कोणी विचारलंच नव्हतं," म्हणाली. मी म्हटलं, रिकामं ठेव, म्हणजे चोवीस तास. तिने रिकामं ठेवलं, पण ते कुठे भरायचं, हे नीट बघून ठेवलं. यादीत तिचं नाव पहिलं घातलं, मग बाबांचं, मग लांब्याचं. फोन लागतोय का हे बघायला मी माझ्या मोबाइलवरही अ‍ॅप घेऊन माझं नाव टाकलं होतं. ते काढायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी मोबाइल हातात धरून आई घराबाहेर पडली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे बटाटे निवडत असताना तो वाजला. बँकेच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ अडकले होते. आई बटाट्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून त्यांना पाठ टेकायला सांगत होती, पिशवीत काय आहे विचारत होती. भाजीवाल्याने तागडी खाली ठेवली, गिऱ्हाइकं गप्प झाली. गृहस्थ बाहेर पडले तेव्हा दुकानात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भाजीवाला तिला म्हणाला, "ताई, तुम्ही रोज इथेच येत जा."

मग काय, आईच्या पायाला भिंगरी लागली. बागेत बाकावर बस, शिंप्याकडे जा, बहिणीकडे दुपारभर गप्पा मार. फोन वाजला की कोपरा धरायचा, माणूस बाहेर निघाला की पुन्हा गप्पा. मावशीने मला कळवलं, "तुझ्या आईला आवर, ती आता रोज येते." मी खूश. बोळातल्या स्टुलावर बाबा आपले खिळ्यांचे डबे ठेवू लागले.

मग मी फोनवर म्हटलं, "आता ये घरी."

"येईन ग. गुडघे जरा..."

"गुडघ्यांना काय करायचंय? लिफ्ट आहे."

आईने उलट पडद्यांचंच विचारलं.

"आई, बाबांच्या हाताखालची लिफ्ट आहे ती!"

"म्हणूनच," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मी कधी बसलेच नाही ग लिफ्टमध्ये. आपण खाली राहतो, मावशी खाली राहते. कधी वेळ आली तर जिना. लोक आत रडतात, देवाला हाका मारतात, मुलांची नावं घेतात. एवढ्या वर्षांत सगळ्यांची भीती माझ्याच कानातून आत गेलीय. ती कुठे जाणार? मला भीती वाटते."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या फोनला शिव्या घातल्या, त्याच्या मागे हे लपलं होतं. निदान माझ्या घरापुरतं तरी. आणि मला ते कळल्यावर वाईट वाटण्याऐवजी रागच आला. आधी का नाही सांगितलंस? आता मी काय, तुझ्यासाठी तळमजल्यावर येऊन राहू? "बरं, नको येऊस," म्हटलं आणि फोन ठेवला. आमच्या घरात फोन असा मध्येच ठेवत नाहीत. पण ठेवला.

चार दिवस कोणीच कोणाला फोन केला नाही. पाचव्या दिवशी आईचा आला. "शनिवारी दुपारी येतेय. हे फाटकाशी सोडतील, त्यांना पुढे काम आहे. तू खाली येऊ नकोस. मी एकटी येणार."

"मी येते ना खाली."

"ठमे, सांगितलं ना एकदा!" हट्टीपणा केला की मी ठमी होते. त्या दिवशी ठमी कोण होतं, हा प्रश्नच आहे.

शनिवारी मी घर झाडूनपुसून चकाचक केलं, मग वाटलं फारच चकाचक झालं, म्हणून खुर्चीवर एक टॉवेल टाकला. खिडकीतून पाहिलं, बाबांची गाडी फाटकाशी थांबली, आई उतरली, बाबा गेले. तिच्या हातात एक फुगलेली पिशवी होती. ती आत शिरली. मी दार उघडून लिफ्टसमोर उभी राहिले. आकडे वर चढू लागले. तीन, चार, पाच. आणि वीज गेली.

तशी काळजी करण्यासारखं काही नव्हतं. वीज गेली तर बॅटरीवर लिफ्ट सावकाश जवळच्या मजल्यावर जाते आणि दार उघडतं, हे मला लहानपणापासून माहीत. मी वाट पाहिली. काही हललं नाही. माझ्या हातातला मोबाइल वाजला, आणि पडद्यावर धंद्याचा नंबर आणि खाली आईचं नाव. मला क्षणभर कळेचना. हा फोन माझ्याकडे कसा?

"आई?"

"नमस्कार," पलीकडून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "लिफ्टमध्ये अडकलेय."

"आई, मी आहे!"

"हो का?" ती थांबली. "समोर नंबर लिहिलाय ना, तोच लावला."

बाईने स्वतःच्याच घरचा नंबर लावला होता. मी धावत जिने उतरू लागले, आणि तोंडाने बोलत होते. काय बोलायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण बोळात उभं राहून राहून सगळं पाठ झालेलं. "घाबरू नकोस. लिफ्ट पडत नाही."

"मला माहीत आहे ग ते."

"माहीत असलेलंच ऐक. भिंतीला पाठ टेक, खाली बस."

"गुडघे..."

"सावकाश बस. कपडे मळले तर धुता येतात."

फोनवर कपड्यांची सळसळ ऐकू आली, मग एक लांब उसासा. मी सहाव्या मजल्यावर पोचले आणि लिफ्टच्या बंद दाराला लागून पायरीवर बसले. तिचा आवाज दारातून थोडा आणि फोनमधून जास्त येत होता. तिला धाप लागली होती. दुसऱ्या हाताने मी अ‍ॅपमध्ये बाबांचं नाव दाबलं आणि त्यांनाही त्याच फोनवर घेतलं.

"बाबा, आई लिफ्टमध्ये आहे. पाच आणि सहाच्या मध्ये. बॅटरी का नाही चालली?"

पलीकडे गाडी करकचून थांबली.

"बाबा?"

"बॅटरी," बाबा म्हणाले, "माझ्या गाडीत आहे. जुनी काढली होती, नवी आज संध्याकाळी बसवणार होतो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! आणि मग माझ्या आईने, जिला दोन मिनिटांपूर्वी श्वास घेता येत नव्हता, बाबांना जे सुनावलं, ते सहाव्या मजल्यावरच्या दोन घरांनी दार उघडून ऐकलं. बायकोला फाटकाशी सोडताना बॅटरी आठवली नाही? लोकांच्या लिफ्टमध्ये असंच करता का? इतके दिवस मला सांगताय, आपली लिफ्ट, आपली लिफ्ट! बाबा मध्येमध्ये "आलोच" एवढंच म्हणत होते. शेवटी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, ते गेले, आणि फोनवर आम्ही दोघी उरलो.

"बरं वाटतंय आता," आई म्हणाली. "राग आला की भीतीला जागा उरत नाही. तुला म्हणूनच भीती वाटत नाही कशाची."

मी दाराला कान लावला.

"आणि ती बाई बरी बोलते ग," ती पुढे म्हणाली.

"कुठली बाई?"

"मशीनमधली. मी. माणूस येतोय म्हणाली आणि खरंच कोणीतरी आलं. पण 'ठेवू नका' जरा दरडावून म्हणते. पुन्हा भरायला हवं."

मला हसू आलं आणि रडूही. आता काय विचारायचं, हे मला माहीत होतं, पण तोंडातून निघेना. आयुष्यभर ज्या प्रश्नाचा मला राग, तोच. शेवटी विचारला. "आई, पिशवीत काय आहे?"

आत तिने पिशवी उघडली. मग म्हणाली, "गाऊन."

"कसला गाऊन?"

"माझा. निळा. आणि दात घासायचा ब्रश, गुडघ्यांचं तेल, माझी उशी. दुसऱ्या उशीवर मला झोप येत नाही."

"तू राहायला आलीस?"

"दोन दिवस. परवा सकाळी जाईन. तू बोलावलं होतंस चहाला, मी आपली ठरवून आले."

मी त्या बंद दारावर हात ठेवला. थंड होतं. मघाचा प्रश्न मला आत्ता आठवला, फोन माझ्याकडे कसा आला? "आई, यादीत पहिलं नाव तुझं होतं. तुझा फोन गुंतलेला, म्हणजे तो पुढे बाबांकडे जायला हवा होता."

"मी माझं नाव बंद केलंय. परवापर्यंत. ते अ‍ॅप कामाची वेळ विचारत होतं ना, तिथे भरलं. आणि पहिलं तुझं घातलंय. दोन दिवस सगळे फोन तुला येतील. हे चढून बसतात मोटरीवर, त्यांना कुठे ऐकू येतंय."

"मला न विचारता?"

"मला तरी कोणी विचारलं होतं?"

ती हे रागाने म्हणाली नाही. भाजीचा भाव सांगावा, तसं म्हणाली. मी सव्वीस वर्षांची झाले तरी मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. मी मग तिला ओटा केवढा आहे ते सांगितलं, पडदे सांगितले, नाटकातल्या वकिलाचं आख्खं भाषण म्हणून दाखवलं, मूठ पायरीवर आपटून. ती आतून म्हणाली, "जोरात म्हण, शेवटचं ऐकू नाही आलं." मी जोरात म्हटलं. दारात उभ्या असलेल्या शेजारणीने टाळ्या वाजवल्या.

बाबा आणि लांब्या आले, थेट गच्चीवर मोटरीकडे पळाले, आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट पाचव्या मजल्याला लावली. मी एक मजला उतरून दारापाशी उभी होते. दार उघडलं, आईने बाहेर पाय टाकला, आणि मगच मी फोन ठेवला. बाबा धापा टाकत खाली आले, हातात नवी बॅटरी. तोंड असं, की त्यांनाच कोणीतरी धीर द्यावा.

"आधी बसवा ती," आई म्हणाली.

बॅटरी बसली, तोवर वीजही आली. लांब्या म्हणाला, "वहिनी, जिन्याने चला, मी हात धरतो." आईने वरच्या जिन्याकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि लिफ्टमध्ये शिरली. "अडकून झालं," म्हणाली. "आता आणखी काय व्हायचं राहिलंय?" नऊचं बटण तिने स्वतः दाबलं. माझा हात मात्र वर पोचेपर्यंत इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ उठला.

घरात आल्यावर तिने एकेक खोली नीट पाहिली. खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. खुर्चीवरचा टॉवेल उचलून घडी घातला. मी गॅसवर चहा ठेवला, आणि मोबाइल वाजला. धंद्याचा नंबर. खाली अनोळखी नंबर.

मी सवयीने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा फोन वाजत होता आणि आई उठली नाही. ती माझ्या कपाटाचं दार उघडून माझे कपडे एका बाजूला सरकवत होती, गाऊनसाठी जागा करत होती.

मी फोन घेतला. "घाबरू नका," म्हटलं, "लिफ्ट पडत नाही," आणि गॅस बंद करून भिंतीला पाठ टेकून खाली बसले.